बिनजाळ्याची कोळीण

२०२५ची अनंत चतुर्दशी शनिवारी आली होती. गणपती बोळवून परत आलो, चिखलाचे पाय धुवायला बाथरूममध्ये शिरलो आणि तसाच ओल्या पायांनी बाहेर येऊन सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप टाकला. तो जसाच्या तसा देतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं.

‘आमच्याकडे मोठी कोळीण आली आहे. पोटाशी अंडी आहेत. पुन्हा असा योग नाही. पाहिजे त्यांनी सकाळी लवकर यावे.’

मला ‘पाहायची असेल त्यांनी’ असं लिहायचं होतं. आनंदाच्या भरात बोटांनी घाई केली.

आता परिस्थिती लक्षात घ्या. आमच्या इमारतीत श्रावण कडक पाळतात. श्रावण संपतो न संपतो तोच गणपती. म्हणजे दीड महिना एकाही घरात सुक्या बोंबलाचाही वास नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. दुपारी साडेबारानंतर वेध लागणार, म्हणजे ज्यांना वेध पाळायचे त्यांनी त्याआधी रांधून, जेवून मोकळं व्हायचं. अशा घायकुतीला आलेल्या चार मजली इमारतीवर मी रात्री अकरा वाजता ‘कोळीण आली आहे’ हा निरोप सोडला होता.

पाच मिनिटांत उत्तरं आली. ‘काय भाव?’ ‘गाभोळी असेल तर आमचा एक वाटा ठेवा.’ ‘साफ करून देते का?’ या तिसऱ्याला मी मोठ्या उत्साहाने लिहिलं, ‘साफ करायची गरजच नाही, ती स्वतःच फार स्वच्छ राहते.’ त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरून प्रश्न आला, ‘जिवंत आहे?’ मी लिहिलं, ‘एकदम! मघापासून भिंतीवर फिरतेय. पाय पसरले की तळहाताएवढी होते.’ त्यावर ‘अरे वा, म्हणजे खेकडे’ असा निष्कर्ष निघाला आणि नऊ जणांनी अंगठे दाखवले.

आपल्या छंदाला लोकांनी असा प्रतिसाद दिल्याचं पाहून माझे डोळे भरून आले होते, हे इथे लपवत नाही.

सकाळी पावणेसातला बेल वाजली. दारात सेक्रेटरी, त्यांच्या मागे दोन बायका, त्यांच्या मागे एक झोपाळू मुलगा, आणि सगळ्यांच्या हातात पिशव्या. एका बाईंनी तर हळद-मीठ लावून ठेवायला स्टीलचा डबाच आणला होता.

‘कुठे बसलीय?’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘बाथरूममध्ये. गिझरच्या वर.’

सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावरून माझ्या बायकोकडे पाहिलं. तिने दोन्ही हात वर केले, म्हणजे माझा ह्यात काही संबंध नाही. तरी माणसं आत आलीच. मी मोबाइलचा टॉर्च मारला.

ती होती. तपकिरी, चपटी, डोक्यावर फिक्या मिशीसारखा पट्टा, आणि पोटाखाली जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी पांढरी, चपटी, गुळगुळीत पिशवी धरलेली. हेटेरोपोडा वेनाटोरिया. या जातीला लिनियसने १७६७ साली नाव दिलं. आज ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत माणसांच्या घरांतून राहते. जाळं विणत नाही, रात्री निघते आणि झुरळं धरते. पाय खाली वळण्याऐवजी खेकड्यासारखे बाजूंना पसरलेले असतात, म्हणून बोटभर फटीतही सुळकन जाते. मी एवढं सांगून पुढे पायांच्या यंत्रणेकडे वळलो. कोळ्याच्या पायाच्या काही सांध्यांना तो सरळ करणारे स्नायूच नसतात, अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय उलगडतो, म्हणूनच मेलेला कोळी पाय आखडून पडतो. ‘माझ्यासारखंच, सगळं प्रेशरवर,’ असा विनोदही केला. मागे वळून पाहिलं तर फक्त झोपाळू मुलगा उरला होता, तोही बाथरूम रिकामं व्हायची वाट बघत.

इतक्यात जिन्यात गलका झाला. दर रविवारी आमच्या गल्लीत टोपली घेऊन येणाऱ्या मावशींना खाली कोणी तरी सांगितलं होतं, की तिसऱ्या मजल्यावर दुसरी कोळीण बसलीय. मावशी तडक वर आल्या. कामाच्या वेळी कोयता हातातच असतो, तसा तो होता.

‘कोन बसलीय माज्या गिऱ्हाइकांत?’

मी निमूटपणे बाथरूम दाखवलं. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. भीती नाही, किळस नाही. भाऊबंदातलं कोणी तरी बघावं तसं पाहिलं.

‘हिचं जालं कुटं हाय?’

‘ही जाळं विणत नाही, मावशी. नुसती धावून पकडते.’

‘जालं नाय, मंग कोलीण कसली?’ मावशी म्हणाल्या. ‘चोरटी हाय.’ आणि जिन्यातच टोपली उतरवून त्यांनी आठ वाजायच्या आत सगळी सुरमई संपवली. जाताना माझ्या हातात एक बांगडा ठेवला, फुकट. गिऱ्हाइकं जमवल्याबद्दल.

हे असं माझं कायम होतं.

खरं तर मी कोळ्यांना भितो. आमची आई मूळची कोकणातली, ती कोळ्याला ‘कातीण’ म्हणते, आणि लहानपणी मी कातीण दिसली की खाटेवर चढून बसायचो. चौतीस वर्षं हिशेबखात्यात काढली, तिथेही रेकॉर्ड रूममध्ये जायची वेळ आली, की मी शिपायाला पुढे घालत असे. तर असा माणूस या नादाला लागला कसा? त्याला कारण २०२१ सालची बातमी.

घरून काम चालू होतं. पेपरात वाचलं, की ठाणे-कल्याण परिसरात उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जाती सापडल्या. ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप या अभ्यासकांचं काम. एका जातीला त्यांनी आपल्या दिवंगत मित्राचं, कमलेश चोळके यांचं नाव दिलं, फिंटेला चोळकेई. दुसरीला आयसियस तुकारामी. हे तुकाराम म्हणजे तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर ज्यांनी हातातल्या लाठीनिशी जाऊन कसाबच्या रायफलची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही, ते सहायक उपनिरीक्षक. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, आणि बारा-तेरा वर्षांनी काही मिलिमीटरच्या, झेप घेऊन शिकार धरणाऱ्या एका जिवाला त्यांचं नाव. ती बातमी मी दोनदा वाचली. पहिल्या वेळी ओंबळ्यांसाठी. दुसऱ्या वेळी ‘ठाणे-कल्याण परिसर’ या तीन शब्दांसाठी.

कारण मी बोटं मोजायला लागलो. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. म्हणजे या सगळ्याच्या बरोबर मध्ये कोण? आम्ही! ज्या कोपरला फास्ट लोकल ढुंकून बघत नाही, जिथे माणसं बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटं डोंबिवलीला जातात, जिथे डोक्यावरून वसई-दिवा लाइन आणि पोटाखालून मेन लाइन जाते, त्या कोपरला विज्ञानाने नकाशावर ठेवलं होतं. शेजारी खाडी, पाणथळ, झाडोरा. एखादी जात आपल्याही नशिबात का नसावी? सचिन तेंडुलकरच्या नावाचा एक कोळी २०१९ सालीच झाला होता, तोही याच प्रजापतींनी नामकरण केलेला. स्वतःचं नाव स्वतः द्यायची पद्धत नाही, हे मी वाचून ठेवलं. पण गावाचं देता येतं. ‘कोपरेन्सिस’. रात्री झोपताना मी हा शब्द हळूच उच्चारून बघत असे.

मोबाइलला लावायचं तीनशे रुपयांचं भिंग मागवलं आणि घरापासून सुरुवात केली. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे काड्यांच्या पायांचा एक कोळी होताच. सगळ्यांच्या घरी असतो. आपण जळमट म्हणून काढतो ते बहुधा याचंच घर. त्याच्या जाळ्याला बायकोची विणायची सुई लावली, की तो जागच्या जागी इतका थरथरतो की दिसेनासाच होतो. मादी अंड्यांचा गोळा जबड्यात धरून हिंडते, म्हणजे तेवढे दिवस उपास. मी सुई लावत राहिलो आणि सुईला कोळिष्टक चिकटलं. त्या सुईचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही.

पण जीव जडला तो उड्या मारणाऱ्यावर. करडा, अंगावर पट्टे, नखाएवढा. आठ डोळे, त्यातले चार समोर, मधले दोन हे मोठे. बाकीचे कोळी तुमच्याकडे दुर्लक्ष करतात. हा वळून बघतो. तुम्ही डावीकडे सरकलात तर हाही वळतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत साहेबाने माझ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिल्याचं आठवत नाही. उडी मारण्याआधी तो बुडाशी एक धागा चिकटवतो, चुकलाच तर लोंबकळायला.

एका सकाळी तो माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर आला आणि बाणाकडे टक लावून बसला. मी बाण जरा हलवला, तो मागे आला. मी गोल फिरवला, तोही गोल. मग मी बाण एक्सेलच्या एका रकान्यातून दुसऱ्यात झटकन नेला आणि त्याने झेप घेतली! मी त्याला खर्चाच्या बाजूने जमेच्या बाजूला आणलं, तिथून एकूण बेरजेवर. दहाएक मिनिटं आमचा खेळ रंगला होता. मग कानातून साहेबांचा आवाज आला, ‘आपण तिमाहीचे आकडे बघत होतो. तुमचा बाण असा का करतोय?’ माझा पडदा सर्वांना दिसत होता. कोळी दिसत नव्हता. त्यांना दिसत होता तो फक्त बेरजेभोवती पिसाळल्यासारखा फिरणारा बाण. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने खासगीत फोन करून झोप लागते का, असं विचारलं.

मी मात्र त्याच कोळ्याचे चाळीस फोटो काढून ठेवले होते. कोपरेन्सिस तो हाच, याची खात्री झाली होती. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी तेव्हा प्राणिशास्त्रात बीएस्सी करत होती. तिला जिन्यात गाठून फोटो दाखवले. तिने दोन बघितले.

‘मेनेमेरस आहे, काका.’

‘नवा?’

‘जगात जिथे ऊन पडतं आणि भिंत आहे, तिथे असतो.’ मग माझा चेहरा बघून म्हणाली, ‘फोटो मात्र छान आलेत.’ फोटोही तसे हललेलेच होते.

माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी घराबाहेर पडलो.

बाहेरचं जग मोठं होतं. खाडीच्या वाटेवर झुडपात एक चंदेरी पाठीची मादी जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसलेली असते, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे, आणि त्या फुलीवर तिने पांढऱ्या नागमोडी रेघा काढलेल्या. हिला सही करणारा कोळी म्हणतात. ही सही कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. कोणी म्हणतो किडे ओढायला, कोणी म्हणतो पाखरांना जाळं दिसावं म्हणून. माझ्या सहीचाही नक्की उपयोग काय, हे ऑफिसात कोणाला सांगता आलं नसतं, त्यामुळे तिच्याबद्दल आपलेपणा वाटला. त्या आपलेपणात दोन पावलं पुढे गेलो आणि दुसऱ्याच एका मोठ्या जाळ्यात तोंड घातलं. जाळं ओठाला लागलं की लक्षात येतं, ते किती चिवट असतं. शेजारून जाणाऱ्या माणसाला वाटलं, मी ओंकार म्हणतोय.

आता मुंग्यांचं. हे टाळायचा विचार होता, पण गावातल्या तीन मुलांना माहीत आहे, म्हणजे आज ना उद्या तुम्हाला कळणारच.

आंब्याच्या झाडावर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतात, आई त्यांना ओंबील म्हणते. त्या कडकडून चावतात आणि वर आम्ल सोडतात. त्यांच्या या दहशतीचा फायदा घेणारा एक उड्या मारणारा कोळी आहे. तो हुबेहूब तसाच दिसतो. तसाच लाल, तशीच बारीक कंबर, चालही तीच. मुंगीला सहा पाय, कोळ्याला आठ, मग हा पुढचे दोन पाय वर धरून मुंगीच्या मिशांसारखे हलवतो आणि सहांवर चालतो. तो स्वतः गरीब, कोणाला चावायला जात नाही. हे वाचून मी तीन रात्री नीट झोपलो नव्हतो.

आणि एका रविवारी कोपर गावातल्या एका आंब्याच्या खोडावर तो दिसला. एकटा, मुंग्यांच्या रांगेपासून जरा बाजूला. शेजारी मुलं क्रिकेट खेळत होती. मी त्यांना बोलावलं. हे करायला नको होतं. चेंडू हरवला असता तर ती आलीही नसती, पण त्यांचा एक गडी बाद झाला होता.

‘ही काय आहे?’ मी विचारलं.

‘मुंगी,’ तिघे म्हणाले.

मी मंद हसलो. शाळेत असताना गुरुजी असं हसत तेव्हा मला त्यांचा राग येई. ‘सगळ्यांना तसंच वाटतं. हा कोळी आहे. पाय मोजा बरं.’

धाकट्याने नाक जवळ नेऊन मोजले. ‘सहा.’

‘आणि पुढे ते दोन हलतायत ते?’

‘त्या मिशा आहेत.’

‘मिशा नाहीत, पाय! मिशांचं सोंग. सहा आणि दोन किती?’

‘आठ,’ तो नाइलाजाने म्हणाला.

‘आठ पाय, म्हणजे कोळी. हा अजिबात चावत नाही. बघा.’ आणि मी तर्जनी त्याच्यापुढे ठेवली. तो बोटावर चढला. मुलांचे डोळे विस्फारले. तो क्षण माझ्या निवृत्तीनंतरच्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण होता, आणि अंदाजे चार सेकंद टिकला.

ती मुंगी होती.

मुंगीलाही सहा पाय आणि दोन मिशाच असतात. बेरीज कोणाचीही केली तरी आठच येते, हे हिशेबखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी हात झटकला तो नेमका फांदीला लागला, फांदीवर त्यांचं पानांचं घरटं होतं, आणि मग बाकीच्या मंडळींनीही प्रात्यक्षिकात भाग घेतला. सदऱ्याच्या आत शिरलेल्या ओंबील काढायला माणूस भर रस्त्यात काय काय करतो, ते त्या मुलांनी पाहिलं. धाकटा शेवटपर्यंत गंभीर होता. मी पळताना त्याने मागून ओरडून सांगितलं, ‘काका, सहाच होते!’

त्यानंतर पावसाळ्यात एकदा मानेवर चट्टा उठला, लाल, भाजल्यासारखा. ‘कोळी मुतला,’ आईने निदान केलं आणि गेरू उगाळून लावला. बायकोने ‘लावा अजून भिंगं’ एवढंच म्हटलं. भगवी मान घेऊन मी बँकेत पासबुक भरून आलो, तिथे एका अनोळखी गृहस्थाने मला नमस्कार केला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो, तर कोळ्याचा काही संबंधच नव्हता. पावसाळ्यात दिव्यावर एक बारका लाल-काळा किडा येतो, तो चावतही नाही, पण मानेवर बसला असताना आपण झोपेत चिरडला की त्याच्या अंगातलं रसायन कातडी भाजतं. कितीतरी पावसाळे लोक या किड्याचं बिल कोळ्याच्या नावावर फाडत आलेत. मी हे घरी सविस्तर सांगितलं. गेरू अजून दोन दिवस लावावाच लागला.

तर अशा सगळ्या पार्श्वभूमीवर ती गिझरवरची मादी माझ्याकडे आली होती. स्वतःहून, माझ्या घरी, मला काहीच मोजायला न लावता. पाय आठ आणि स्वच्छ दिसणारे. ती मला घालवायची नव्हती.

बायकोने रविवारी दुपारीच सांगितलं होतं, ‘आज संध्याकाळपर्यंत ती गेली पाहिजे.’ तेव्हा मदतीला धावून आली आई. ‘आज ग्रहण आहे,’ ती म्हणाली, ‘गरोदर बाईला ग्रहणात घराबाहेर काढतात का?’ एक दिवस मिळाला. सोमवारी बायकोने केरसुणी उचलली तेव्हा आई जपमाळ खाली ठेवून म्हणाली, ‘आता पितृपक्ष लागला. कोण कुठल्या रूपाने आलं असेल सांगता येत नाही.’

‘तुमच्याकडे आठ पायांचं कोण होतं?’ बायकोने विचारलं.

‘ह्याची मोठी आत्या गिझरसारखीच तापायची,’ आई म्हणाली आणि पुन्हा माळ घेतली.

अशा रीतीने तिला चौदा दिवस मिळाले. या चौदा दिवसांत आम्ही अंघोळीला जाताना आधी दार ठोठावत होतो. ती कुठे जात नव्हती, काही खाताना दिसली नाही, पिशवी पोटाशी धरून फक्त कोपरा बदलायची. मी दिवसातून तीनदा जाऊन बघत असे, तीन फुटांवरून. आवड आहे ती तीन फुटांवरून आहे, हे मी स्वतःशीही स्पष्ट बोललो नव्हतो.

सर्वपित्री अमावास्येला संध्याकाळी पिशवी फुटली. छतावर जिरे सांडावेत तशी पिल्लं. किती ते मी मोजलं नाही. मोजणीवरचा माझा विश्वास उडाला आहे. आईने खालूनच हात जोडले, ‘निघाले सगळे.’ बायको म्हणाली, ‘उद्या सकाळी घट बसायचेत. पिल्लांचं मी बघते. आईला तुम्ही बाहेर न्या.’ यातली आई कोणती, याबद्दल क्षणभर गोंधळ झाला.

पुस्तकी रीत सोपी आहे. वरून पातेलं ठेवायचं, खालून पुठ्ठा सरकवायचा. मी दुधाचं पातेलं आणि कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, स्टुलावर चढलो. पातेलं बरोबर बसलं. पुठ्ठा सरकवताना बघतो तर तिचा एक पाय काठाबाहेर. पाय तुटेल म्हणून मी पातेलं केसभर उचललं. ज्या जिवाचं अंगच फटीतून जाण्यासाठी घडलंय, त्याला केसभर पुरलं. ती बाहेर आली, मनगटावरून कोपराकडे, कोपरावरून दंडाकडे गेली, गंजिफ्रॉकच्या पट्ट्याशी क्षणभर थबकली, मानेवर चढली आणि माझ्या टकलाच्या मध्यभागी, सपाट जागा बघून, बसली.

मी ओरडलो. नंतर मला सांगण्यात आलं, की खालचा वॉचमन आधी लिफ्टमध्ये कोणी अडकलं का ते बघायला धावला होता. आमच्याकडे लिफ्ट नाही.

मी डोळे मिटून स्टुलावर उभा होतो. आठ पाय वेगवेगळे जाणवत होते. आणि मग डोक्यावर काही तरी थंड टेकलं, सुपली होती, आणि वजन निघून गेलं. बायकोने सुपलीत तिला बसवून जिन्यातल्या खिडकीशी नेलं, बाहेर पाइपावर सोडलं, सुपली झटकून परत आली.

‘तुला भीती नाही वाटली?’ मी अजून स्टुलावरच होतो.

‘तिची कधीच नव्हती. तुम्ही दोन आठवडे जेवताना तिच्या पायांचं प्रेशर सांगताय, त्याला कंटाळले होते.’

दसरा झाला. दिवाळीच्या आठ दिवस आधी रात्री बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली. ओट्याखाली एक झुरळ, त्याच्यामागे दुसरं. बरेच दिवसांनी. तिने चप्पल उचलली, मग ठेवली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, ‘तुमची ती पाइपावरून परत नाही का येत?’

ती आली नाही. पण छतावरच्या जिऱ्यांपैकी एकाने तग धरला असावा. सध्या गिझरच्या मागे राहतं, मध्ये एकदा कात टाकली, आता पाय पसरून पाच रुपयांच्या नाण्याएवढं आहे. तेव्हा आमच्याकडे येणार असाल तर कोपरला पश्चिमेला उतरा, आणि बाथरूमला जायचं झालं तर आधी दिवा लावून दोन मिनिटं बाहेर थांबा. पिशवी आणू नका.